पत्रिकेतून गळालेले मामा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दादाला नाही, वडिलांना म्हणजे अप्पांना नाही, पुढच्या महिन्यात जिच्याशी लग्न करतोय तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही आणि आमच्या पंगतीत कधी बसणार नाही. एक मात्र आधीच बजावून ठेवतो — मला समजून घ्यायला जाऊ नका. ‘जाऊ दे, वयच तसं होतं’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. सव्वीस वर्षांचा घोडा होतो मी. कसलं वय?

सुरुवात रॅमपासून करतो. हसा हवं तर. शहाद्यापासून थोड्या अंतरावरच्या गावात, पपईच्या बागा असलेल्या घरात, एक माणूस कॉम्प्युटरची रॅम निवडण्यात तीन महिने घालवतो — मला सगळे हसलेच होते. रॅम म्हणजे कॉम्प्युटर काम करताना ज्यावर सगळं मांडून ठेवतो ती पट्टी. कंपनी तिच्यावर एक वेग छापून देते. त्या वेगाच्या पुढे तिला पळवायचं, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. मला त्याचा नाद होता. आजही आहे, आणि त्याची मला काडीची लाज नाही. कुणाला बैलजोडी पळवायचा नाद असतो, मला हा होता.

घरात एक पट्टी आधीची होती. दुसरी घ्यायला मी सुरतेला गेलो. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, एका खोक्यातली जोडीच घे, दोन वेगवेगळ्या पट्ट्या साध्या वेगाने चालतील, पळवल्या तर भांडतील. पण त्याच्याकडच्या जोडीवर जो आकडा छापलेला होता, तो मला कमी वाटला. ऑनलाइन ग्रुपवर तो आकडा टाकला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. मी सुटी पट्टी घेतली, घरी येऊन दोन्ही जोडल्या, व्होल्टेज वाढवलं, वेग चढवला. तपासणीचा प्रोग्राम दिवसभर लावून ठेवला. एकही चूक आली नाही. फोटो टाकला, लोकांनी वाहवा केली. मी हवेत.

तो डिसेंबर होता. आमच्याकडच्या डिसेंबरात सकाळी तोंडातून वाफ निघते. आणि तो कॉम्प्युटर कुठे होता? पत्र्याच्या खोलीत. वैशाखात तो पत्रा तवा होतो आणि पळवलेली रॅम तापली की चुकते, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? जन्म त्याच पत्र्याखाली गेलाय माझा. तरी पुन्हा तपासलं नाही. आकडा खाली आणावा लागेल, याची भीती होती — बस, एवढंच.

आता वहिनींबद्दल. इथे मी जरा अडखळतो.

सुनंदावहिनी दादाशी लग्न होऊन आल्या तेव्हा सोबत टायपिंगचं प्रमाणपत्र घेऊन आल्या होत्या. माझ्या कॉम्प्युटरवर त्या लग्नपत्रिका जुळवायच्या. आमच्याकडची पत्रिका म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. नवरा-नवरीची नावं सापडायला वेळ लागतो, इतकी बाकीची नावं असतात. आजोबा, चुलत आजोबा, काका, मामा, फुवा म्हणजे आत्यांचे यजमान — सगळे वयाच्या आणि मानाच्या क्रमाने. वारलेल्यांचीही नावं असतात, ‘कै.’ लावून. एक नाव खाली-वर झालं की भाऊबंद दहा वर्षं बोलत नाहीत. वहिनींना हे क्रम तोंडपाठ होते. कोणाचा मामा थोरला, कोणाचा काका दत्तक गेलेला, सगळं. तालुक्यातून लोक यायचे. छापायचं काम शहाद्याच्या प्रेसमध्ये व्हायचं, पण जुळणी वहिनींची. पत्रिकेच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्या लिहायच्या — अक्षरजुळणी : सौ. सुनंदा. पहिली पत्रिका छापून आली तेव्हा त्यांनी ती ओळ बोटाने मला दाखवली होती. हे मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

वैशाख लागला. लगीनसराई. कॉम्प्युटर अडायला लागला. मधेच बंद पडायचा, फाईल उघडली की अर्धी अक्षरं डबे झालेली. वहिनी मला हाक मारायच्या, “भाऊ, देखा ना जरा, फाईल उघडी नही ऱ्हायनी.” आणि मी काय म्हणायचो? ‘तुम्ही फार घाईने बटणं दाबता.’ मला संशय नव्हता असं वाटतं तुम्हाला? होता. पहिल्याच दिवशी रॅमवर आला होता.

म्हसावदच्या एका मुलीची पत्रिका होती. सकाळी मुलीच्या वडिलांनी कच्ची प्रत वाचली आणि एक नाव राहिलं म्हणून सांगितलं — मुलीच्या धाकट्या मामांचं. वहिनींनी ते घातलं, माझ्यादेखत सेव्ह केलं. दुपारी प्रेसला पाठवायच्या वेळी स्क्रीन निळी पडली. फाईल खलास. मी आदल्या दिवशीची प्रत शोधून काढली आणि म्हणालो, हीच ती सकाळची, पाठवा. त्या म्हणाल्या, एकदा वाचून घेते. मी म्हणालो, प्रेसवाला थांबलाय, आहे तशीच आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. घरात कॉम्प्युटर कळणारा मीच ना.

पत्रिका छापल्या, वाटल्या गेल्या. चौथ्या दिवशी ते मामा आमच्या अंगणात उभे. हातात पत्रिका, कपाळाला घाम. “मन्ही बहीणनी पोरनं लगीन, नि मन्हंच नाव नही? मरेल माणसंसनं बी नाव शे. मी काय मरी गऊ का?” त्यांचा आवाज चिरकला होता. मोठा माणूस, रडायच्या बेताला आलेला. शेजारपाजारचे जमले. अप्पा मान खाली घालून उभे, गावासमोर. आणि वहिनी दारात. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “मी तं सेव्ह करेल व्हतं.” आणि माझ्याकडे पाहिलं.

तिथे एक वाक्य पुरलं असतं. माझं मशीन बिघडलंय, चूक माझी. किती अक्षरं होतात?

मी म्हणालो, “राही गयं व्हई, वहिनी. गडबडमा व्हई जास.”

‘राहून गेलं असेल’ — किती गोड आवाजात म्हणालो! जणू मी त्यांना सांभाळून घेत होतो. लोक म्हणाले, दीर असावा तर असा. हे सांगतानाही माझे दात शिवशिवतायत.

लग्नात धाकट्या मामांनी नवरीला मांडवात आणलं नाही. ते बाहेर लिंबाखाली बसून राहिले, जेवले नाहीत. तो मान थोरल्या मामांनी उरकला. गावोगाव बोललं गेलं, सुनंदाने मामाचं नाव खाल्लं. पुढच्या आठवड्यातली दोन कामं लोक परत घेऊन गेले. कुणी वहिनींना ‘बंद कर’ म्हणालं नाही. त्यांनीच की-बोर्डवर रुमाल टाकला.

दोन दिवसांनी, घरात कुणी नसताना, मी भर दुपारी तपासणी लावली. पत्रा तापलेला. पाच मिनिटांत स्क्रीन लाल ओळींनी भरली. म्हणजे पुरावा होता, डोळ्यांसमोर. मी काय केलं? वेग उतरवला, व्होल्टेज जागेवर आणलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, आणि रुमाल होता तसा टाकून दिला. त्यानंतर ते मशीन एकदाही अडलं नाही. अप्पा सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, “सुनंदानी हात काढा नि कॉम्प्युटर सुधरी गया.” माझ्या दुरुस्तीनेच त्यांच्यावरचा आरोप पक्का केला. मी ते ऐकत पपई खात बसायचो.

कुणी म्हणेल, एका पत्रिकेचं एवढं काय? त्याला मी घराबाहेर काढीन. ती पत्रिका नव्हती, त्या बाईचं आमच्या घरातलं एकमेव स्वतःचं काम होतं. मी पश्चात्तापाने झुरलो वगैरेही नाही. नोकरी लागली, नवीन मशीन घेतलं, व्यवस्थित जोडीची रॅम घेतली, तीही पळवली. मे महिन्यात तपासून. तेवढं शिकलो.

गेल्या आठवड्यात माझ्या लग्नाची पत्रिका करायची होती. वहिनी शेजारी खुर्चीवर बसल्या. नावं त्या सांगत होत्या, मी टाईप करत होतो. एकही कागद समोर नाही. सगळे मामा, सगळे फुवा, कै. लावायचे ते कै. लावून. सहा वर्षांत एक नाव हललेलं नाही. आणि पूर्ण वेळ त्यांचे दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत अडकवलेले. एकदा माऊस घरंगळून त्यांच्या बाजूला गेला, तर त्यांनी खुर्ची मागे घेतली.

शेवटी मी तळाला टाईप केलं — अक्षरजुळणी : सौ. सुनंदा.

त्यांनी ते वाचलं. जरा वेळ वाचतच राहिल्या. मग म्हणाल्या, “नको भाऊ. लोक हसतीन. मन्हा हात लागस तठे काही ना काही चुकसच.”

बोलायला माझ्याकडे अख्खी दुपार होती. घरात आम्ही दोघंच.

मी ती ओळ खोडली. मग सेव्ह केलं.