भाऊजी वाद हरले तो रविवार

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही.

परक्या देशाच्या पंतप्रधानावर घरच्या माणसावर चिडावं तसं तुम्ही कधी चिडला आहात? मी चिडायचे. राहायला जर्मनीत, बॉबलिंगेनला, नोकरी गाड्यांच्या सॉफ्टवेअरची — आणि डोकं फिरायचं ते ब्रिटनच्या नेत्यांवरून. ताई आणि भाऊजी तिकडे होते ना, कॉव्हेंट्रीत. दर रविवारी व्हिडिओ कॉल. ताईच्या चौकश्या संपल्या की भाऊजींचा आणि माझा वाद सुरू. करकपात जाहीर करायची, बाजार गडगडला की मागे घ्यायची, आणि घराचे हप्ते वाढणार लोकांचे. युरोपातून बाहेर पडून काय गमावलं, ते सरळ तोंडाने कुणी बोलायला तयार नाही. भाऊजी शांत माणूस. म्हणायचे, अगं, महागाई काय एकट्या त्यांनी आणली? गॅस तुमच्याकडेही महागलाच की. मला त्या शांतपणाचाच राग यायचा. माझा मुद्दा ठरलेला — चुका सगळेच करतात, पण हे लोक माहीत असूनही वेळेवर सांगत नाहीत. किती वेळा ऐकवलं असेल मी हे त्यांना?

मग आमच्याच कंपनीत भाऊजींचं काम झालं. नाव मीच सुचवलं होतं. करारावर सही झाली, तरी त्यांचं तळ्यात-मळ्यात चालूच. तिकडची जुनी, चांगली नोकरी सोडायची, आणि त्यांची मुलगी सई — तिला जर्मन अजिबात येत नव्हतं. त्यांचा राजीनामा अडकलेला, आणि मी दर रविवारी नव्या जोमाने ब्रिटनचे वाभाडे काढत होते.

आता ते सांगायलाच हवं — किती टाळणार? एका गुरुवारी माझ्या बॉसने मला बाजूला घेतलं. भाऊजी ज्या प्रोजेक्टवर येणार होते, तो हंगेरीला चालला होता. नव्या लोकांना प्रोबेत्साइटमध्येच, म्हणजे कायम होण्याआधीच्या पहिल्या सहा महिन्यांत, निरोप मिळणार होता. इतक्यात कुठे बोलू नको, असंही तो म्हणाला. पण मला त्याने अडवलं असं नाही. भाऊजींना नुसतं "थांबा" म्हणायचं होतं. का थांबायचं, हे त्यांनी विचारलंही नसतं.

रविवारी कॉल लागला. मी सांगणारच होते — खरंच? आता माझी मलाच खात्री नाही. भाऊजी म्हणाले, "हरलो बाई. तुझंच बरोबर. या नेत्यांच्या हातून काही सावरायचं नाही. उद्या राजीनामा देतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला बरोबर म्हणाले होते. मला इतकं बरं वाटलं — इतकं — की मी तोंड उघडलं ते "गेनाऊ, अगदी बरोबर, हेच तर मी सांगत होते" म्हणायला. त्यांच्या मागे ताई डोळे पुसत होती. बहिणीजवळ राहायला मिळणार म्हणून.

पाचव्या महिन्यात भाऊजींना काढलं. तिकडची जागा तोवर भरली होती. आता ते स्टुटगार्टपलीकडे एका छोट्या पुरवठादाराकडे शिफ्टमध्ये टेस्टिंग करतात, त्यांच्याहून कितीतरी लहान पोरांच्या हाताखाली. सईला एक इयत्ता मागे बसवलं. ती जेवायलाही खोलीतून बाहेर येत नाही. ताई म्हणते, तू आहेस म्हणून निभावतंय. चीड पूर्वी नेत्यांवर यायची, आता स्वतःवर येते. तिचाही कुणाला उपयोग नाही.

गेल्या रविवारी ताई-भाऊजी आमच्याकडे जेवायला होते. टीव्हीवर ब्रिटनच्या बातम्या लागल्या. पुन्हा तीच आश्वासनं. भाऊजींनी मान हलवली. म्हणाले, या लोकांनी नीट चालवलं असतं तर आम्हाला घर सोडावं लागलं नसतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तरी वेळेवर सांगितलंस."

मी त्यांना आणखी थोडा भात वाढला.