बघ, मीच हाय का?

हनुवटी वर, पदर खांद्यावर, दोन्ही हात पाठीमागे. भिंतीवरच्या मशीनसमोर मावशी अशी उभी राहायची, जणू शाळेत कविता म्हणायला उभं केलंय. मग त्या काळ्या काचेत बघून विचारायची, "बघ, मीच हाय का?"

मशीन क्षणभर विचार करायचं. हिरवा दिवा लागायचा आणि आतली बाई म्हणायची, "धन्यवाद."

"बरं झालं बाई," मावशी म्हणायची, "मला वाटलं, कालच्यापसून बदलले का काय." आणि आत जायची.

जळकोटच्या पुढे हायवेला लागून एक डाळ मिल आहे. मावशी तिथे डाळ निवडायला होती आणि मी ते चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन सांभाळायला. असं मशीन तुम्हीही कुठल्या ना कुठल्या दारात पाहिलं असेल, त्याच्यापुढे तोंड नेऊन उभे राहिला असाल. त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाकडे मात्र कुणी बघत नाही. तो मी.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली, मग मामाच्या हाताखाली वायरिंग शिकलो, कॅमेरे बसवायला लागलो. मशीन पुरवणाऱ्या कंपनीला बारावी पास माणूस हवा होता. साहेबांनी माझे कागद बघितले, मग मी जोडलेली वायर बघितली आणि म्हणाले, "चल, बघू." त्या 'बघू'वर मी इतक्या लांब आलो. रोज सकाळी बायकोचा फोन यायचा. "सगळं ठीक?" ती विचारायची. "आत्तापर्यंत," मी सांगायचो.

तेही उगाच नाही. जळकोटच्या आधी मुरुमला एका ठिकाणी मी दोन जुळ्या बहिणींची नावं एकमेकींच्या चेहऱ्यांना लावून बसलो होतो. थोरली गेली की धाकटीची हजेरी लागायची. साहेब म्हणाले, "अजून एक चूक, आणि सामान बांधायचं." ते ओरडले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

मिलमध्ये नोंदणीला एकच दिवस होता. चाळीस बायका, पंधरा-वीस हमाल. संध्याकाळी नोंदणीला कुलूप लागणार होतं, म्हणजे नंतर कुणी खोटी नावं घुसवू नयेत. ते कुलूप फक्त साहेब उघडू शकत होते, तेही लेखी कारण दिल्यावर. नियम कागदावर दिलेले: टोपी नको, चष्मा नको, तोंडावर पदर नको, चेहऱ्यावर रंग नको.

नोंदणीच्या आदल्या दिवशी नेमकी पौर्णिमा होती. मावशी पहिल्या एसटीने तुळजापूरहून थेट मिलवर आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि भुवयांपासून केसांपर्यंत कपाळभर मळवट. खाली हळद, वर दाट कुंकू. ती देवीची आराधी, पौर्णिमेला तुळजापुरात रात्रभर जागर करणारी. नवरा गेल्यापासून एरवी तिचं कपाळ मोकळं असायचं, पौर्णिमेला तेवढा देवीच्या नावाचा मळवट, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त समोर लालभडक कपाळ दिसत होतं आणि हातात कागद होता.

आता तुम्हीच सांगा. परकं गाव, मागे बायकांची रांग, आणि मी देवीचा मळवट पुसायला सांगायचा? मी बटण दाबलं. मशीनला वाटलं, ही बाई अशीच असते.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वच्छ तोंड धुऊन आली. मशीन म्हणालं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"करते की."

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"अगं, कालच भेटलो की आपण." मागच्या बायका हसल्या. तिसऱ्यांदा लाल दिवा लागला आणि मी उगाच वायरी चाचपायला लागलो.

मावशीने मशीनकडे बघायचं सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. मला फाटकाजवळच्या नळापाशी नेलं. "लेकरा, खरं सांग. ते बिघडलंय का तू?"

मी सांगून टाकलं. साहेबांना फोन केला तर कुलूप उघडेल, पण कारण लिहावं लागेल, आणि कारण म्हणजे मी. नाही केला तर तिची हजेरी लागणार नाही.

"काल मी कशी हुते?" तिने विचारलं.

"मळवट होता."

"मंग तेवढंच ना."

तिने पिशवीतून करंडा काढला. आरसा नव्हता, माझ्या मोबाइलच्या काळ्या काचेत बघत तिने कपाळाला तेलाचं बोट फिरवलं, हळद लावली. कुंकवाची चिमूट उचलली आणि थांबली. डोळे मिटून पुटपुटली, "आई, दोन मिन्टाचं काम हाय. राग नगं धरूस." मग मशीनसमोर जाऊन हनुवटी वर केली. "बघ, मीच हाय का?"

"धन्यवाद."

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "ह्याला आई वळखू येती, मी न्हाय."

साहेबांची तपासणी तीन महिन्यांवर होती. तोवर मावशी रोज फाटकाजवळच्या नळावर मळवट भरूनच माझ्यासमोर यायची.

त्याचे परिणाम वेगळेच झाले. एक-दोन बायका येता-जाता तिच्या पाया पडायला लागल्या. एक हमाल मुलीचं स्थळ जमेल का ते विचारून गेला. मावशी म्हणाली, "मशीनला इचार, सगळं त्यालाच कळतंय." सगळ्यात गंमत मुकादमाची. तिला 'ए म्हातारे' म्हणणारा माणूस 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करायला लागला.

ह्याच मुकादमाच्या पेनात आधी सगळ्यांची हजेरी असायची. उशीर झाला की अर्धा दिवस गायब, उलट बोललं की अख्खा. मावशीचे असे लई दिवस गेले होते, कारण ती उलटच बोलायची. एकदा मी तिला विचारलं, "मावशी, मशीन बरं का मुकादम?"

"मशीन बरं. त्याला माझं बोलणं ऐकू येत न्हाय."

"आणि त्यात वाईट काय?"

"तेच की. त्याला माझं बोलणं ऐकू येत न्हाय."

डबा खाताना ती माझी शाळा घ्यायची. "माझं तोंड ठिवलंस कुठं, ते तर सांग." मला जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. मशीन आधी काचेत माणसाचं तोंड शोधतं. मग त्यावर खुणा धरतं. डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठ, हनुवटी. कुठली खूण कुठल्या खुणेपासून किती लांब, कुठे उजेड, कुठे सावली, ह्या सगळ्याचे आकडे करतं आणि जपून ठेवतं. दुसऱ्या दिवशी आलं की परत आकडे काढायचे आणि जुन्याशी ताडून बघायचे. अगदी तंतोतंत कधीच जुळत नाहीत, बरेच जुळले की हिरवा दिवा. चांगली मशीनं कुंकू, दाढी, चष्मा ह्यांना बधत नाहीत म्हणे. आमचं स्वस्तातलं होतं, त्याने मावशीचं कपाळ धरून ठेवलं होतं.

"मंजी शिंप्यावानी माप घेतंय."

"हो, तसंच."

"शिंप्याची वही दुकानात असती. ह्याची कुठं हाय?"

"पुण्याला. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये."

"पुण्यात माझं कोण हाय? कोण बघतंय ते माप?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतंय," ती म्हणाली. "माप हरवलं तर मी तोंड कुठनं आणू दुसरं?" मी आजवर अशी बरीच मशीनं बसवलीत. हा प्रश्न मला अजून कुठल्या साहेबाने विचारलेला नाही.

लबाड्याही व्हायच्या. एका हमालाने घरी झोपलेल्या भावाचा फोटो मोबाइलवर धरून मशीनला दाखवला. मशीन म्हणालं, "कृपया डोळे मिचकावा." हमाल फोटोकडे बघत उभा. मावशी मागून म्हणाली, "मिचकाव म्हण की त्याला. नसंल ऐकत तर चिमटा काढ."

जाताना वेगळी तऱ्हा. दिवसभर डाळ निवडून बायकांची तोंडं पिठाने माखलेली असायची, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मशीन एकीलाही ओळखायचं नाही. मग मीच मालकांना सांगून मशीनच्या आधी आणखी एक नळ बसवून घेतला. सगळ्या तोंड धुऊन रांगेला लागायच्या. मावशीला धुता यायचं नाही, मळवट गेला असता. ती पदराचं टोक ओलं करून भुवईच्या खालून तेवढं पुसायची. वर लाल, मध्ये स्वच्छ, कानाजवळ पीठ. "मी काय, तिरंगा झाले," म्हणायची.

सगळं असं हसण्यावारी चाललेलं, म्हणून मला कळायला उशीर झाला. डाळ निवडणाऱ्या एका बाईने सांगितलं की मावशीची जाऊ तिच्याशी बोलत नाही. नवरा नसलेली बाई रोज हायवेवरून कपाळ भरून घरी येते, हे काय चाललंय, असं गल्लीत बोलत होते. मावशीच्या सोबतीच्या आराधी बायकांनीही तिला विचारलं होतं, आईचा मळवट काय रोज कामाला न्यायची वस्तू आहे का. मी मावशीला म्हणालो, "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगून काय झालं असतं? तू अजून भ्याला असतास."

"मी साहेबांना फोन करतो."

"गप बस. लेकीचा फोटू दाखीव तुझ्या. दात आले का तिला?"

माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची. दोन दात आले होते. मी फोटो दाखवला. फोन केला नाही. हे लिहिताना अजून मान खाली जाते.

तपासणीला साहेब आले. मशीन उघडून एकेक नोंद बघत गेले आणि मावशीच्या फोटोवर थांबले. लाल कपाळ, जागरणाने अर्धवट मिटलेले डोळे. "हे काय?"

मावशी तिथेच उभी होती. माझ्या आधी तीच बोलली. "आराधी हाय म्या, साहेब. माझं तोंडच असलं हाय. रोज असतंय."

साहेबांनी तिच्या कपाळाकडे बघितलं, मान हलवली. "बरं. मग ठीक आहे." आणि पुढची नोंद उघडली.

झालं. मी सुटलो होतो. मावशी मात्र आता कायमची अडकली. मिल आहे तोवर तिला रोज नळावर मळवट भरावा लागणार होता, जावेचा अबोला तसाच राहणार होता.

"साहेब," मी म्हणालो, "त्या खोटं बोलतायत. रंग नको असं कागदावर होतं. मला पुसायला सांगता आलं नाही. तेव्हापासून त्या माझ्यासाठी रोज लावतायत."

मावशीने कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखं तोंड केलं. "येडं हाय हे लेकरू."

साहेबांनी मावशीच्या कपाळाकडे परत एकदा बघितलं. मग त्यांनी मला विचारलं, "आता सांगता येईल?"

मी मावशीकडे वळलो. "मावशी, तोंड धुऊन या."

"मंग हे त्याच दिवशी म्हणायचं की," ती म्हणाली. "आई काय कपाळावरच बसलीय व्हय? पुसलं असतं म्या, परत भरलं असतं." आणि नळाकडे गेली.

साहेबांनी कुलूप उघडून तिची नोंद स्वतः केली. मी तोवर मान खाली घालून कारणाचा कागद लिहीत होतो. 'चूक माझी' एवढं लिहिलं. साहेबांनी तो वाचला, खिशातून पेन काढून त्याखाली लिहिलं, 'नोंदणीच्या जागी उजेड कमी,' आणि सही केली. जाताना म्हणाले, "एक ट्यूब लाव इथे." मी दोन लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत एक बाई आली. साधं लुगडं, मोकळं कपाळ, मधोमध हिरवं गोंदण. चेहरा अनोळखी. मी स्टुलावरून उठून अदबीने म्हणालो, "मावशी, तुम्ही नवीन दिसता. तुमची नोंदणी झालीय का?"

अख्खी रांग हसायला लागली. ती बाई मशीनसमोर गेली, हात पाठीमागे बांधले, हनुवटी वर केली. मशीनने एका क्षणात हिरवा दिवा दिला.

"बघ," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यानं वळखलं. तीन महिने माझ्याबरुबर भाकरी खाल्लेला तू कोण रं?"

पुढे वर्षभराने माझी बदली माकणीकडे झाली. मावशी लेकीकडे कर्नाटकात राहायला गेली, त्या दिवशी मी माकणीलाच एका जळलेल्या वायरीशी झटत होतो. निरोप घ्यायचा राहिला. आभार तर त्याच्याही आधीपासून राहिलेत.

मागच्या महिन्यात मशीन दुरुस्त करायला मिलवर गेलो. सकाळची वेळ, बायकांची रांग. पहिलीने पदर खांद्यावर घेतला, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, "बघ, मीच हाय का?" हिरवा दिवा. दुसरीही तेच म्हणाली. तिसरीही. कुणी हसत नव्हतं, रोजचं असल्यासारखं म्हणून आत जात होत्या.

शेवटी एक नवीन सून होती, तिचा पहिलाच दिवस. ती मशीनपाशी येऊन घुटमळली आणि हळूच मला विचारलं, "दादा, ते म्हणावंच लागतंय का? त्याबिगर हिरवा दिवा लागत न्हाय?"

मी मशीनकडे बघितलं, वरच्या दोन ट्यूबकडे बघितलं.

"व्हय," मी म्हणालो. "म्हणावं लागतंय."