कानबाईचा नारळ आणि हिलाल

न्याहळोद मागे पडलं तरी हिलालनं तोंड उघडलं नव्हतं. पांझरेच्या काठाकाठानं बहीणभाऊ देवपूरला निघाले होते. काळ्या मातीचा चिखल सुंदरबाईच्या वहाणांना चिकटे, ती थांबून काडीनं तो काढी, आणि तेवढा वेळ हिलाल पाठ करून उभा राही. एरवी हा पोरगा चालता चालता अर्ध्या गावाच्या नकला करायचा.

"काय रे, मौन धरलंस का?"

"अक्का, भिकुआजीसमोर तू काही बोलायचं नाही. मीच सांगीन."

"मग मला तरी आधी सांग. उगाच तंगडतोड करायला मी काही तुझा बैल नाही."

तो हसला नाही. नदीकडे बघत म्हणाला, "माझा पाय घसरला नव्हता."

सुंदरबाई चालायची थांबली.

भिकुबाईच्या घरची कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपात पुजायची देवी, गावात मानाची. श्रावणात तिला बसवायची, दुसऱ्या दिवशी नदीवर न्यायची. पण त्या घरचा कानबाईचा नारळ पाण्यात सोडत नसत. भिकुबाईच्या सासूनं देवी मानून त्या नारळाचं लग्न लावलेलं होतं. त्याला पांझरेत न्हाऊ घालायचं आणि पुन्हा घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायचं, अशी रीत. यंदा नदीला पाणी जास्त होतं, म्हणून गावातल्या सेवा मंडळाची पोरं, त्यांत हिलालही, दोर धरून काठावर उभी होती. भिकुबाईचे गुडघे धरलेले. नारळ न्हाऊ घातल्यावर तो ठेवलेली पाटी तिनं हिलालच्या हातात दिली. घटकाभरानं पाटी वाहून गेली. पाय घसरला, पाटी सुटली, असं हिलालनं सांगितलं.

पण बायकांचे डोळे काही झाकलेले नव्हते. "पाय घसरला म्हणे. धोतराचं टोक तरी भिजलं का त्याचं?" कुंदाबाईनं विहिरीवर विचारलं, आणि तिथून बोलणं सुरू झालं. ही मंडळाची टोपीवाली पोरं. बोकड कापू नका म्हणतात, सगळ्यांनी एका माठातलं पाणी प्या म्हणतात. यांनीच मुद्दाम देव सोडला. मंडळ चालवणारा वना भोळा माणूस. त्यानं चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, हिलाल खोटं बोलणार नाही, मंडळाची जबान म्हणून धरा. त्यानं तर अजूनच बिघडलं. भिकुबाईच्या मुलानं आपल्या ओसरीवरचा बायकांचा अक्षरवर्ग बंद केला. तो वर्ग सुंदरबाई घेत असे. मराठी सातवी झालेली, लवकर विधवा झालेली बाई. तेवढंच तिचं जगणं होतं. भिकुबाई लेकीकडे देवपूरला निघून गेली.

"मग झालं काय?" सुंदरबाईनं विचारलं.

"बिडी ओढायची होती. मारुतीसमोर ती न ओढायची शपथ घेतलीय ना आम्ही मंडळातल्यांनी, म्हणून बाभळीआड गेलो. पाटी दगडावर ठेवली. काडी वाऱ्यानं विझत होती, तिच्यातच लक्ष. वळून बघतो तर दगडावरून पाणी चाललेलं."

सुंदरबाईला विहिरीवरचं स्वतःचं बोलणं आठवलं. माझ्या भावाच्या तोंडात खोटं नाही, असं ती कुंदाबाईला ठणकावून आली होती. तिनं मनात कानबाईचं नाव घेतलं आणि पुढे चालू लागली. देवपुरात एकवीरेच्या देवळाशी तिनं आत जाऊन दर्शन घेतलं. हिलालनं रस्त्यावरूनच हात जोडले.

भिकुबाई लेकीच्या पडवीत डाळ निवडत बसली होती. हिलालनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बिडीही, बाभूळही. म्हातारीचा हात सुपात थांबला.

"मनी सासूना हातनं नारय व्हतं ते," ती म्हणाली. "बिडीकरता ठी दिनं तू दगडवर?"

"हा, आजी. दगडावर ठेवून गेलो."

"मी म्हनू, पोरेस्नी देव बुडाया. रोज तेस्ले शिव्या दिन्यात." तिनं सूप बाजूला सारलं. हिलालनं पाया पडायला वाकावं, तर तिनं पाय आखडून घेतले. "मना पाय काबर धरस? माले सांगीसन काय व्हई? गावले सांग. मंग मना पोरगा काय करी ते करी."

लेकीनं गुळाचं पाणी दिलं. भिकुबाई पुन्हा डाळ निवडू लागली. ओसरीबद्दल विचारायचं सुंदरबाईच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

परतताना दोघांनी पांझरा ओलांडली. मग हिलाल म्हणाला, "वनाला आज सांगतो. मंडळातून काढलं तर काढू दे. पण चावडीवर बाया येत नाहीत, आणि मंडळाबद्दलचं बोलणं तर त्यांच्यातच झालंय."

"मग?"

मारुतीच्या पारावर मंडळाचा बातम्यांचा फळा असे. अक्षर चांगलं म्हणून तो सुंदरबाईच लिहीत असे. पाण्याला जाणाऱ्या बायका त्याच्यावरूनच जात. तिच्या वर्गातल्या एकदोघी तिथे थांबून मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून वाचायलाही लागल्या होत्या.

"अक्का, उद्याच्या फळ्यावर हे लिही," हिलाल म्हणाला. "माझं नाव घालून, बिडीसकट. आणि जोडाक्षरं कमी घाल. बायांना आपलं आपण वाचता आलं पाहिजे."