बंगल्याची भेग आणि अण्णांच्या काचा

सिंगापूरमध्ये राहून मी आजवर एकच संरक्षित इमारत फोडली आहे, आणि तीसुद्धा सासऱ्यांना वाचवण्यासाठी.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. (अण्णा निवृत्त झाले, खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.) दोन हजार पंधराच्या सुमाराला ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे बुकित बातोकला आले आणि चौथ्याच दिवशी उदास झाले. आम्हाला वाटलं, जेवण मानवत नसेल. पण दुखणं वेगळंच होतं.

"मेधा, अगं इथे एक खड्डा नाही!" ते माझ्या बायकोला म्हणाले. "गटाराची झाकणंसुद्धा जागच्या जागी! माणसानं सकाळी फिरायला जाऊन बघायचं तरी काय?"

मग आम्ही त्यांना काम दिलं. आमची नऊ वर्षांची ईशा दर शनिवारी चित्रकलेच्या वर्गाला जायची. वर्ग भरायचा घरामागच्या टेकडीवरच्या एका जुन्या बंगल्यात. इंग्रजांच्या काळातला, पांढराशुभ्र, दुमजली, आणि फाटकावर ठसठशीत पाटी: ही संरक्षित इमारत आहे, काही चिकटवू नये, लिहू नये, खरवडू नये. ईशाला पोहोचवायचं, तासभर व्हरांड्यात बसायचं आणि परत आणायचं, एवढंच अण्णांचं काम होतं.

पहिल्याच शनिवारी अण्णा उजळलेल्या चेहऱ्यानं परत आले.

"भेग आहे!" दारातूनच ओरडले. "व्हरांड्याच्या मागच्या भिंतीला! चांगली हातभर!"

मुलगा झाल्याची बातमीसुद्धा इतक्या आनंदानं कोणी देत नाही. मी लॅपटॉपमधून मान वर न काढता "वा, वा" म्हणालो. अण्णांनी तिथले केअरटेकर लिम अंकल यांनाही भेग दाखवली होती. ते म्हणाले होते, "ओल्ड बिल्डिंग, अंकल. शुअर गॉट क्रॅक लाह!"

(वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावायची इथली पद्धतच आहे.) "लाह म्हणे!" अण्णा चिडले. "अहो जावईबापू, भेग जिवंत आहे की मेलेली, हे नको का बघायला? मेलेली असली तर गिलावा करून मोकळं व्हा. जिवंत असली तर ती वाढत जाते, आणि वर्गातली पोरं त्याच भिंतीला टेकून बसतात!"

"वॉल इज अलाइव्ह, आह?" ईशानं डोळे मोठे केले. मी पुन्हा "वा, वा" म्हणालो. त्या आठवड्यात माझ्या एका प्रोजेक्टचं प्रेत ऑफिसात पडलेलं होतं, त्यामुळे भिंतीच्या जिवाची काळजी करायला मला सवड नव्हती.

त्यानंतरचे तीन शनिवार अण्णा वेळेआधी अर्धा तास निघायचे. चौथ्या शनिवारी त्यांना सर्दी झाली म्हणून ईशाला सोडायला मी गेलो आणि व्हरांड्यात पाय ठेवताच जागच्या जागी थबकलो. त्या पांढऱ्याशुभ्र संरक्षित भिंतीवर, भेगेला आडव्या, तीन काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या! ईशाच्या मायक्रोस्कोपच्या खोक्यातल्या काचपट्ट्या. दोन्ही टोकांना तिच्याच हस्तकलेच्या सामानातलं प्लास्टर ऑफ पॅरिस. आणि प्रत्येकीवर तारीख घालून अण्णांची लफ्फेदार सही!

"यू नो हू स्टिक धिस?" मागून लिम अंकलचा आवाज आला. "प्रोटेक्टेड बिल्डिंग, कॅनॉट एनीहाउ स्टिक! आय मस्ट रिपोर्ट टू बॉस, यू नो."

"नो आयडिया," मी म्हणालो. (शेजारी ईशा "बट पपा" म्हणत होती. तिला मी वर्गात ढकललं.)

आता माझी अवस्था समजून घ्या. आमचा पीआरचा अर्ज, म्हणजे सिंगापूरमध्ये कायमचं राहायच्या परवान्याचा, पाच महिने सरकारदरबारी पडून होता. टपालपेटी मी दिवसातून तीनदा उघडून बघायचो. त्या काळात मी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलवरचा हिरवा माणूस दिसल्याशिवाय पाऊल टाकत नव्हतो. आणि इकडे माझे सासरे देशाच्या वारशाला सहीनिशी काचा चिकटवत होते!

घरी येऊन मी मेधाला स्वयंपाकघरात गाठलं.

"अण्णांनाच विचार ना," ती म्हणाली. "त्यांनी काहीतरी विचार करूनच केलं असेल."

"विचारलं की ते लिम अंकलकडे जाऊन छाती काढून कबूल करतील! मी उद्या सकाळी जाऊन गुपचूप काढून टाकतो."

"तू? अरे, तुला भिंतीत एक खिळा धड ठोकता येत नाही!"

"ठोकायचं नाहीये, काढायचंय," मी बाणेदारपणे म्हणालो.

रविवारी सकाळी लिम अंकल नसतात हे मला ठाऊक होतं. खिशात ब्रेडला लोणी लावायची सुरी घेऊन मी बंगल्यावर पोहोचलो. पहिली काच हात लावताच दोन तुकड्यांत माझ्या हातात आली. माझाच धसमुसळेपणा, असं म्हणत मी तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. दुसरी काच निघेना. सुरी आत सरकवून जरा जोर लावला, तर काचेबरोबर पुरीएवढा गिलावा बाहेर आला! इथे शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मी म्हटलं, आता एकच तर राहिली. तिसरीबरोबर निघाला तो ताटाएवढा, आणि आतल्या लाल विटा माझ्याकडे बघू लागल्या.

आता, भाड्याच्या घरात राहणाऱ्या आम्हा आयटीवाल्यांची एक गुप्त विद्या आहे. घर सोडताना भिंतीतली खिळ्यांची भोकं टूथपेस्टनं बुजवायची. घरमालक येतो, बघतो, खूश होऊन जातो. पुण्यात दोन आणि सिंगापुरात तीन घरं मी अशीच सोडली होती. मी धावत घरी गेलो आणि होत्या नव्हत्या तेवढ्या नळ्या घेऊन परत आलो. खिळ्याच्या भोकाला वाटाण्याएवढी लागते. ताटाएवढ्या खड्ड्याला फॅमिली पॅकच्या चार नळ्या लागल्या. सुरीनं सारखं केल्यावर लांबून भिंत अगदी पूर्वीसारखी दिसत होती. जवळून मात्र तिला पुदिन्याचा घमघमाट सुटला होता.

"काढल्यास?" मेधानं विचारलं.

"एकदम साफ," मी म्हणालो.

मंगळवारी अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "जावईबापू, शनिवारी तुम्हीही चला. वारसा खात्याची इंजिनिअर बाई येणार आहे, भेग बघायला."

"क... कोणी बोलावलं?"

"मी! काचा लावल्या त्याच दिवशी रीतसर पत्र टाकलं होतं. बिनपरवानगी लावल्या, दिलगीर आहे, पण मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं स्पष्ट लिहिलंय. काल तिचा फोन आला. म्हणाली, काचांना कोणी हात लावू नका."

माझी खारी चहात बुडाली.

शनिवारी अण्णा सफारी घालून, ईशाचं बोट धरून निघाले. मी त्यांच्यामागून बळीच्या बोकडासारखा. वाटेत सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं आणि तिन्ही वेळा हिंमत झाली नाही. बंगल्यावर लिम अंकलबरोबर एक पन्नाशीच्या चिनी बाई उभ्या होत्या. कमरेला मोजपट्टी, हातात टॉर्च.

"काचा कोणी लावल्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी, मॅडम. चौतीस वर्षं बांधकाम खात्यात."

बाईंनी चक्क त्यांचा हात हातात घेतला. "मी नोकरीला लागले तेव्हा माझे साहेब अशाच काचा लावायचे! तुमच्यामुळे आम्हाला कळलं. आता एकच सांगा, एखादी काच तडकलीय का? भेग वाढत असेल तर काच तडकतेच. तसं असेल तर आजच वर्ग बंद करून भिंतीला टेकू द्यावे लागतील."

अण्णा ताठ उभे राहिले. महिनाभर त्यांचं सगळं बोलणं मी "वा, वा" करून उडवून लावलं होतं, आणि या परक्या बाईंनी दोन मिनिटांत ऐकून घेतलं. मला मनापासून लाज वाटली. पण खरी लाज अजून पुढेच होती.

"चला, बघू," म्हणत सगळे भिंतीपाशी गेले. काचा नव्हत्या. बाईंनी टॉर्च मारला, बोट लावलं. बोट आत गेलं. त्यांनी ते हुंगलं.

"पेपरमिंट?"

"पपाज टूथपेस्ट लाह!" ईशा आनंदानं म्हणाली. "अ‍ॅट होम ऑल्सो नो मोअर!"

मी सगळं कबूल केलं. लिम अंकलनी कपाळावर हात मारला. अण्णांनी मात्र इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. "पहिली काच कशी निघाली?"

"ती... हात लावला तर दोन तुकडेच झालेले होते. मला वाटलं, मीच तोडली."

"आधीच तडकलेली होती!" अण्णा आणि बाई एकदम ओरडले, एक मराठीत, एक इंग्रजीत. "कुठंय ती?"

"कचऱ्यात."

मराठीतल्या पुढच्या चार वाक्यांचं भाषांतर अण्णांनी बाईंना करून दिलं नाही.

वर्ग त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत गेला आणि भिंतीला टेकू दिले गेले. आठवड्याभरात भिंत उघडली, तर आत झाडाची मनगटाएवढी मुळं सापडली. अण्णा रोज तिथे हजर! बाई त्यांना 'इंजिनिअर' म्हणू लागल्या आणि लिम अंकल त्यांच्यासाठी कॉफी आणू लागले. एकदा बाई एकट्या दिसल्यावर मी हात जोडले.

"मॅडम, अहवालात माझं नाव तेवढं नको. पीआरचा अर्ज अडकलाय हो."

"नाव नाही घालणार," बाई हसून म्हणाल्या. "पण नुकसानीचं कारण मला लिहावंच लागेल."

बाईंनी शब्द पाळला. पीआर पुढच्या वर्षी मिळाला आणि अहवालाची एक प्रत अण्णांना त्यांच्या साताऱ्याच्या घरी पोहोचली. त्यात माझं नाव खरंच कुठेही नाही. अण्णांनी मुद्दाम मराठीत भाषांतर केलंय, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते मोठ्यानं वाचून दाखवतात: "भिंतीच्या नुकसानीची कारणे. एक, झाडाची मुळे. दोन, पावसाचे पाणी. तीन, जावई."