हँडलसमोरची पट्टी

रंजनाताईंनी मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आम्ही तिघं पंपघराच्या भिंतीजवळ उभे होतो. मी, रंजनाताई आणि त्यांचा दीर सिद्धार्थ. समोर एक लहानसा लाल ट्रॅक्टर होता. आठवड्यापूर्वी त्याच ट्रॅक्टरने रंजनाताईंच्या नवऱ्याला, मिलिंदला, त्या भिंतीवर दाबलं होतं. मिलिंद जागच्या जागी गेला. मी विमा कंपनीचा सर्वेअर म्हणून आलो होतो. गळ्यात कॅमेरा, हातात टेप. त्या ट्रॅक्टरची तिथे सगळ्यात जास्त माहिती मलाच होती, कारण तो मीच नवा करून दिला होता.

सर्वेअर म्हणजे काय ते आधी सांगतो. अपघात झाला की पैसे देण्याआधी विमा कंपनी एक माणूस पाठवते. तो गाडी पाहतो, जागा पाहतो, चार लोकांना विचारतो आणि काय घडलं असावं ते लिहून देतो. त्याने कोणाची बाजू घ्यायची नसते. आणि ज्या गाडीशी आपला काही संबंध आहे तिचं काम घ्यायचं नसतं. हा दुसरा नियम मी नव्या पोरांना नेहमी पहिला शिकवतो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळात मला कामाची कमी नव्हती. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेले ट्रॅक्टर यार्डात रांगेने उभे असत आणि मी त्यांच्या किमती काढत असे. कुणाच्या बंपरला सुकलेलं लिंबू, कुणाच्या सीटवर विसरलेला दुपट्टा. दिवसभर हे पाहून घरी आलो की काहीतरी चालू झालेलं पाहावंसं वाटायचं. त्यातून मला छंद लागला. जुने, छोटे, बागेचे ट्रॅक्टर गोळा करायचे आणि रिस्टोअर करायचे.

बागेचा ट्रॅक्टर म्हणजे संत्र्याच्या दोन ओळींमधून फांदी न मोडता जाईल एवढा. रिस्टोअर करणं म्हणजे नुसता रंग मारणं नव्हे. कारखान्यातून निघाला त्या दिवशी जसा होता, अगदी तसा करायचा. बोल्टसुद्धा त्या काळचा शोधायचा. या छंदात ‘ओरिजिनल’ या शब्दापुढे कोणाचं काही चालत नाही. माझंही चालत नव्हतं.

मिलिंद आणि सिद्धार्थ या दोघा भावांची दिग्रसच्या बाहेर नर्सरी होती. संत्र्याची आणि लिंबाची कलमं. वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. जिनिंग बंद पडली तेव्हा त्यांनी एका बागवाल्याकडून हा ट्रॅक्टर घेतला आणि नर्सरी सुरू केली. मी पाहिला तेव्हा वडील वारले होते. ट्रॅक्टर मात्र चालू होता. त्या जातीचा मी आधी फक्त फोटोत पाहिलेला. मी चपला काढून त्याला हात लावला होता, हे आता लिहायलाही लाज वाटते.

त्याला स्टार्टर नव्हता. समोर रेडिएटरखाली एक भोक. त्यात लोखंडी हँडल घालायचं आणि जोर लावून फिरवायचं. जुने ट्रक असेच चालू होत. मी हँडल घातलं तर ते आत जाईना. भोकासमोर एक जाड पट्टी आडवी आली होती. पट्टीपासून निघालेली सळई बॉनेटच्या कडेकडेने थेट गिअरच्या दांड्यापर्यंत गेलेली. वेल्डिंग ओबडधोबड, त्यावर काळं ऑइलपेंट.

“हे कोणी केलं?” मी विचारलं.

“बाबानं,” मिलिंद म्हणाला. “जिनिंगच्या फिटरचं काम हाय साहेब. दिसाले वंगाळ, पण तुटाचं नाई.”

“हँडल जातच नाही की आत.”

“न्यूट्रल करा, मंग जाते. आमचं रोजचंच हाय. हँडल घालतो, अडते, बाबाले एक शिवी देतो, मागं जाऊन न्यूट्रल करतो.”

“पण मुळात गिअर लावून ठेवता कशाला?”

“त्याचा ब्रेक कुठं धरते? जागा उताराची. गिअर नाई लावला तं रातच्याले खाली जाईन अन् सारी कलमं चिरडन.”

मी मागे जाऊन दांडा न्यूट्रलला आणला. पट्टी बाजूला सरकली. हँडल आत गेलं.

म्हणजे मला तिथेच सगळं कळलं होतं. हीच ती गोष्ट. गिअर लागलेला असताना असलं इंजिन पेटलं तर ट्रॅक्टर पुढे उडी घेतो, आणि हँडल मारणारा नेमका पुढेच वाकलेला असतो. पहिला गिअर असेल तर हँडल फारसं जडही लागत नाही, त्यामुळे आधी काही समजत नाही. म्हाताऱ्याने ते होऊच नये अशी सोय केली होती. घरातल्या कोणालाही गिअर पाहून हँडल मारायची सवय नव्हती. लागतच नव्हती. बघायचं काम पट्टी करत होती.

आमचं ठरलं ते असं. मी पदरच्या खर्चाने ट्रॅक्टर नवा करायचा, यवतमाळच्या कृषी प्रदर्शनात मांडायचा आणि मग नर्सरीत परत द्यायचा. पावसाळाभर तो माझ्या शेडमध्ये होता. एका रविवारी मी ग्राइंडर घेतला आणि पट्टी कापली. सळई कापली. भोकं भरली, घासली, पुट्टी, प्रायमर, रंग. मिलिंदला विचारलं नाही. ब्रेकचे लायनर बदलले होते, तेव्हा आता गिअर लावून ठेवायचं कारणच उरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. फक्त स्वतःलाच.

प्रदर्शनात लोक त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढत होते. कोणीतरी म्हणालं, आत्ताच कंपनीतून आलाय जसा. एवढं ऐकायला मी पावसाळाभर राबलो होतो.

ट्रॅक्टर परत नेऊन दिला तेव्हा मिलिंद एकटाच होता. सिद्धार्थ कलमं घेऊन महागावला गेला होता. मिलिंद ट्रॅक्टरभोवती फिरला आणि समोर येऊन थांबला.

“पट्टी कुठं गेली, साहेब?”

“काढली. कंपनीची नव्हती ती.”

“मंग?”

“मग काय. आता नाही लागणार.”

तो हसला. “चला, बाबाच्या शिव्या वाचल्या.”

ब्रेक आता धरतो, गिअर लावू नका, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. चहा झाला, संत्री झाली, प्रदर्शनाच्या गप्पा झाल्या. ते वाक्य राहिलं. आणि ‘नाही लागणार’ हे ऐकणारा तो एकटाच होता.

उन्हाळ्यात कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. “काळे, दिग्रसकडचा एक डेथ क्लेम आहे. ट्रॅक्टर. तुमच्या आवडीचा, जुना.”

“कोणाचा?”

त्यांनी नर्सरीचं नाव सांगितलं.

“पोलिसांनी अपघात लिहिलाय,” ते पुढे बोलत होते. “पण सध्या वरून विचारतात ना, खरंच अपघात का आत्महत्या म्हणून. तेवढं पक्कं करून द्या. जमेल?”

त्या वर्षांत आपल्याकडे शेतीतला माणूस गेला की पहिला प्रश्न तोच असायचा. मला म्हणता आलं असतं, सर, हा ट्रॅक्टर मीच केलाय, दुसऱ्याला पाठवा. पण दुसरा आला असता तर त्याने बॉनेटच्या कडेला नखाने खरवडून पाहिलं असतं. भरलेलं भोक सर्वेअरला दिसतंच.

“जमेल,” मी म्हणालो.

नर्सरीत गेलो तेव्हा ट्रॅक्टर भिंतीपासून थोडा मागे ओढून ठेवला होता. बाकी कोणी काही हलवलं नव्हतं. हँडल वाकलेलं. गिअर पहिला. ब्रेक दाबून पाहिला, उत्तम धरत होता. माझंच काम होतं.

“गिअर मीच लावलता, साहेब,” सिद्धार्थ म्हणाला. मी काही विचारायच्या आधीच. “आदल्या दिवशी मीच उभा केलता. हल्ली दादाच करे, नुसत्या ब्रेकवर. पण बाबाच्या टायमापासून गिअरच लावतो आमी. कधी काई झालं नाई.” मग वाकलेल्या हँडलकडे पाहत, “आताच काहून झालं?”

मी कॅमेऱ्यात पाहत म्हणालो, “हँडल मारायच्या आधी गिअर पाहायचा असतो.”

वाक्य बरोबर होतं. कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडेल.

रंजनाताई डोक्यावरचा पदर धरून भोकाकडे पाहत होत्या. “पण आधी तं हँडल जातच नव्हतं ना, गिअर असला का?” त्या म्हणाल्या. “हे रोज त्याच्यावरूनच बोंबलत राहत. समोर पट्टी होती एक. तिच्यानंच अडे ना ते?”

दोघंही माझ्याकडे पाहत होते.

“ती पट्टी रेडिएटर हलू नये म्हणून होती. वाकडी बसली होती, म्हणून हँडल अडायचं,” मी म्हणालो. “तिचा याच्याशी संबंध नाही.”

“अस्सं,” रंजनाताई म्हणाल्या. “तुमाले जास्त समजते, बापा.”

सिद्धार्थ तिथेच रोपांच्या काळ्या पिशव्यांवर खाली बसला. पिशव्या दबल्या, त्याला कळलं नाही. “म्हंजे माहीच चूक,” तो म्हणाला.

“भाऊजी, असं बोलू नोका,” रंजनाताई म्हणाल्या आणि त्याच्याजवळ बसल्या. नवरा त्यांचा गेला होता आणि समजूत त्या दिराची काढत होत्या. मी टेपने भिंतीपासून चाकापर्यंतचं अंतर मोजलं. ते मोजायची गरज नव्हती.

रिपोर्टात मी लिहिलं: वाहन गिअरमध्ये असताना हँडलने सुरू केल्यामुळे अपघात. वाहनात यांत्रिक दोष आढळला नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून कोणी शंका घेतली नाही. क्लेम मंजूर झाला. मॅनेजरने फोन करून काम स्वच्छ केल्याबद्दल शाबासकी दिली.

पुढच्या महिन्यात सिद्धार्थ पिकअप भाड्याने करून माझ्या दारात आला. मागे ट्रॅक्टर बांधलेला.

“हा ठेवा तुमी.”

“अरे, कशाला?”

“आमच्याच्यानं पाह्यलं जात नाई. भंगारात द्याले वहिनीचा जीव होत नाई. तुमी लय जीव लावलता त्याले.”

मी ठेवून घेतला. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. ज्या ट्रॅक्टरवर माझा डोळा होता तो असा माझ्या शेडमध्ये आला.

सिद्धार्थने त्यानंतर कुठलीच गाडी चालवली नाही. मोटरसायकल विकली. नर्सरीची मशागत भाड्याची बैलजोडी सांगून करून घेतो, पुसदला जायचं तर एसटीने जातो. लग्नाचा विषय काढला की उठून जातो, असं रंजनाताईंनी मला एकदा सांगितलं. “डोक्यातून गिअर निघत नाई त्याईच्या,” त्या म्हणाल्या.

काही वर्षांनी तो मला दिग्रसच्या बसस्टँडवर भेटला. केस पिकलेले. चहा घ्याच म्हणून हात धरून टपरीवर नेलं. चहावाला त्याच्या ओळखीचा होता. त्याला तो म्हणाला, “हे काळे साहेब. दादाच्या टायमाले यायनंच सारं निभावलं. चूक माही होती, पण साहेबानं मले एका शब्दानं दुखवलं नाई.”

चहावाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मी तो चहा प्यायलो.

पट्टी मी फेकलेली नव्हती. या छंदातला माणूस काही फेकत नाही. मागच्या दिवाळीनंतर ती काढली, गंज घासला आणि होती तिथे परत वेल्ड केली. सळईसकट. बॉनेटचा रंग जळला, तो तसाच ठेवला. नंतर नागपूरहून एक छंदवाले गृहस्थ माझे ट्रॅक्टर पाहायला आले. यासमोर थांबून म्हणाले, “बाकी सुंदर आहे. हे कोणी चिकटवलं? ओरिजिनल नाही हे.”

“नाही,” मी म्हणालो.

“मग काढून टाका.”

मी त्यांना हँडल दिलं आणि गिअर लावून घालायला सांगितलं. गेलं नाही. त्यांनी हँडल परत माझ्या हातात दिलं. त्यांना पुढचं सांगायचं धाडस मला झालं नाही.

धंद्यातला धडा एवढाच. जुन्या मशीनवर कोणी हाताने काही जोडलेलं दिसलं, तर ते कशासाठी जोडलं हे घरच्यांना विचारा. आणि ते तुम्हाला आधीच कळलं असेल, तर कापू नका.

पट्टी परत बसवून काही फिटत नाही. हे लिहूनही फिटत नाही. सिद्धार्थ असलं काही वाचत नाही. मला दिग्रसला जाऊन त्याच्या आणि रंजनाताईंच्या समोर बसून सांगायचं आहे की गिअर लावून ठेवणं ही त्याची चूक नव्हती, पट्टी कशासाठी आहे हे माहीत असून मी ती काढली होती, आणि त्यांचा प्रश्न बरोबर होता. एवढं मी त्या घराचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.