काऊन?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. आयुष्यभर शास्त्र शिकवलं. कुणी भानामतीचं काही सांगू लागलं की मी त्याला उठवून लावत असे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण लिहितो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. मी पुण्याहून वरवट बकालच्या शाळेत मास्तर म्हणून नवाच आलो होतो. इथले लोक ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात हे कळायलाच मला आठवडा लागला! प्रांतात आपल्या माणसांचं मंत्रिमंडळ आलेलं, म्हणून सोनाळ्याला एक दगड बसवायचं ठरलं — राखीव जंगलातलं गवत कापून सरकारचा कायदा मोडला आणि त्यापायी जीव गेला, अशा चौघांच्या नावांचा. माझं अक्षर बरं, म्हणून पाथरवटाला द्यायची यादी माझ्याकडे आली.

चौथं नाव तुळशीराम. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "हे नाव काढा मास्तर. यानं माफी मांगतली, म्हनून सुटला. घरी येऊन मेला." शेरा लिहून नाव खोडायचं, एवढंच काम.

रविवारची दुपार. शाळेच्या ओट्यावर बसलो. ‘माफी मागून—’ एवढं लिहिलं, आणि मागून कुणीतरी विचारलं, "काऊन?"

शांत, जड आवाज. वळलो... कोणी नाही. शाळेला कुलूप. समोर कापसाची पऱ्हाटी उपटलेलं उघडं रान, लपायला एक झुडूप नाही. "कोण आहे रे? समोर ये!" म्हणून ओरडलो, शाळेभोवती फेरी मारली. कुत्रंसुद्धा नव्हतं. पुन्हा टाक उचलला. ‘माफी’ — "काऊन?" दौत कलंडली. तडक घरी गेलो, बायकोसमोर चुलीपाशी बसून लिहायला घेतलं. तिसऱ्यांदा तेच, अगदी कानाशी! बायकोला मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं. "पित्त झालंय तुम्हाला," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बैलगाडीनं सोनाळा गाठलं. तुळशीरामची बायको गिरजाबाई अंगणात तुरी झोडपत होती. आवाजाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "यांनी खरंच माफी मागितली होती का?"

ती उसळलीच. "कोन म्हनते? त्याच्यासंग कोठडीत होता त्या मानसानं मले सांगतलं. सायबानं कागद समोर धरला, म्हने माफी मांग. हा म्हने, ‘काऊन?’ मंग हानला त्याले. पुन्हा कागद. पुन्हा ‘काऊन?’ तीनदा इचारलं, तीनदा हेच. मराले टेकला तवा घरी आनून टाकला, जेलात मेला नाई पायजे म्हनून. पन बाईमानसाचं कोन आयकते?"

मग तिला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती काठी टाकून जवळ आली.

"मास्तर, आवाज कसा होता? मी भुलून गेली हो त्याचा आवाज, आठवतच नाई आता..."

मी म्हणून दाखवलं — "काऊन?" माझ्या पुणेरी तोंडून तो शब्द असा काही निघाला, की ती खुदकन हसली. "असा नाई म्हने तो," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

परत येऊन अध्यक्षांशी कडाकडा भांडलो. दगडावर चार नावं आहेत; तुळशीरामचं मी सगळ्यात वर घालायला लावलं. तो आवाज कुणाचा, आणि मला परक्यालाच का ऐकू आला, हे मला आजही सांगता येत नाही.

आता पेन्शनीत आहे. गिरजाबाई जाऊनही वर्षं झाली. ती होती तोवर मी कितीदा तरी एकटाच कागद घेऊन बसलो, ‘माफी’ लिहून थांबलो. एकदा नीट ऐकायचा होता, तिला तसाच म्हणून दाखवायला... पुन्हा काही ऐकू आलं नाही. अजूनही बसतो.