उताऱ्यावरची आत्या

आमच्या घरात सातबारा वाचायचं काम माझं होतं, अगदी चौथीत असल्यापासून. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचता येत नव्हतं असं नाही. पण ते ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे, आणि तेवढ्या वेळात मेथीच्या दहा जुड्या बांधून होतात असं त्यांचंच म्हणणं होतं. मी मात्र घडाघडा वाचायची. शाळेत बाई मला उभं करून धडा वाचायला लावायच्या, आणि त्याचा मला भलताच तोरा होता. तलाठ्याकडून नवा उतारा आणला की नाना ओट्यावर बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "वाच गं. पार वरून वाच."

नाशिक रोडच्या पुढे, दारणेच्या अलीकडे आमचं गाव. रानात शेवंती, झेंडू आणि मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. पहाटे माल काढायचा, नाशिकच्या बाजारात न्यायचा, दुपारी परत यायचं आणि पुन्हा पाणी धरायचं. ह्या सगळ्यात उतारा काढणं म्हणजे एक अख्खा दिवस वाया. तलाठी आप्पांकडे तीन गावं होती. ते आमच्या गावात कधी सापडतील हे त्यांच्या सायकलवर अवलंबून असायचं. सापडले की ते कपाटातून मोठं रजिस्टर काढायचे, कोऱ्या छापील कागदावर गट नंबर, क्षेत्र, आकार म्हणजे शेतसारा, असं सगळं हातानं उतरवून काढायचे आणि शेवटी शिक्का असा काही मारायचे की टेबलावरचा चहा हिंदकळायचा. मी नानांबरोबर मुद्दाम जायची. आप्पांचं अक्षर सुंदर होतं. 'क' ची शेपटी ते जरा लांबच ओढायचे.

त्या उताऱ्यावर दोन नावं होती. पहिलं नानांचं. त्याखाली आत्याचं, पुढे आतोबांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या नावासकट. ही दुसरी ओळ वाचताना नानांच्या कपाळावर आठी पडायची, आणि खोटं कशाला सांगू, ती बघायला मिळावी म्हणून मी ती ओळ जरा मोठ्यानंच वाचायची.

आठीला कारण होतं. आमच्याकडे बाप गेला की त्याच्या वारसांत बहिणींचीही नावं लागतात, आणि वर्षाच्या आत बहिणी तालुक्याला जाऊन हक्कसोड करून देतात. भाऊ त्यांना साडी नेसवतो, पुरणाचं जेवण घालतो, आणि बहिणी अंगठा किंवा सही करून स्वतःचं नाव काढून देतात. सगळ्या गावात हेच. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, बहिणींनाही नाही. माझे आजोबा गेले तेव्हा नानांनी साडी आणली, आईनं पुरण घातलं, आणि आत्या जेवून हात धुऊन म्हणाली, "साडी ऱ्हाऊ दे. मला जमीन नको भाऊ, ढेकूळसुदिक न्यायची नाय. पण नाव ऱ्हाऊ दे."

गावात केवढा गहजब झाला. आत्या नानांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. इगतपुरीला दिलेली, आतोबा रेल्वेत, वर राहायला क्वार्टर. तिला काय कमी होतं, असं जो तो विचारायचा. नानांना तर ते फारच लागलं. बहिणीचा आपल्यावर विश्वास नाही असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. पण आत्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तर नाव राहिलं. आणि नाव राहिलं म्हणून सही राहिली. सोसायटीच्या कर्जाचे कागद असोत, पाटाच्या पाण्याचा अर्ज असो, काहीही करायचं तर दोघांच्या सह्या. मग नाना इगतपुरीकडच्या कुणाकडून तरी निरोप पाठवायचे, 'सही लागते, ये.' ह्यापेक्षा एक शब्द जास्त नाही. आणि आत्या यायची. नाशिक रोडला गाडीतून उतरून, तिथून टेम्पोनं, एका हातात तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन. इगतपुरीच्या पावसानं तिच्या लुगड्यांना कायमचा एक दमट वास असायचा. तो मला आवडायचा. ती स्वतःचं शाईचं पेन आणायची, रुमालात गुंडाळून. आप्पांनी पुढे केलेल्या पेनानं तिनं कधी सही केली नाही. "तुझ्या आतोबांनी घेतलंय मला," म्हणायची. त्या पेनानं ती बाकी काही लिहीत असेल असं मला वाटत नाही. सही झाली की पेन परत रुमालात.

सहीला पाच मिनिटं लागायची आणि आत्या चार दिवस राहायची. माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले दिवस ते. रानात फिरून ती प्रत्येक बांधाला काहीतरी बोलायची, शेवंतीच्या कळ्या चाचपून बघायची, आईला तांदळाच्या भाकरी शिकवायची. पहिल्या दिवशी नाना तिच्याशी तुटक बोलायचे. तिसऱ्या दिवशी दोघं भावंडं वाफ्यात उकिडवी बसून खुरपत असायची आणि आजोबांच्या नकला करून हसायची. जाताना नाना तिला कोथिंबिरीचा एवढा मोठा भारा द्यायचे की टेम्पोवाला कुरकुर करायचा.

मग एका वर्षी विहिरीवरच्या मोटरचं काम निघालं. नव्या कनेक्शनला आत्याची संमती हवी होती. निरोप गेला, पण आतोबा तेव्हा दवाखान्यात होते आणि आत्याला तिथून हलता येईना. ती आली दीड महिन्यानं. तोवर वरच्या तुकड्यातली शेवंती पाण्यावाचून उभी वाळली होती. नाना तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या खेपेला ती दुसऱ्याच दिवशी परत गेली.

त्याच सुमाराला सातबारे कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुरू झालं. मी बारावीला होते. रजिस्टरं तालुक्याला गेली, तिथे टाइप झाली आणि छापील कागदांचा गठ्ठा गावात आला. हे कागद चावडीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे आणि ज्याच्या नावात, क्षेत्रात चूक असेल त्यानं तिथल्या तिथे सांगायचं, अशी पद्धत. दवंडी झाली. गाव जमलं. आणि आप्पांचा घसा नेमका बसलेला.

त्यांनी गर्दीतून मला हाक मारली. "ये गं, तुला सवय हाय."

मी गेले की मिरवत! दोन वेण्या, पुढे अख्खं गाव, हातात सरकारी कागद. एकेक गट वाचत सुटले. मध्येच कुणी ओरडायचं, "ओ, माझं क्षेत्र कमी झालं!" आप्पा पेन्सिलीनं खूण करायचे, मी पुढचं वाचायची. आणि मग आमचा गट आला. नंबर वाचला, क्षेत्र वाचलं, नानांचं नाव वाचलं. त्याखालची ओळ कागदावर नव्हती. टाइप करताना गळाली होती, जशा इतर पाच-पंचवीस जणांच्या गळाल्या होत्या. मी थांबले. समोर नाना बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"बरोबर हाय का?" आप्पांनी बसक्या आवाजात विचारलं.

नाना खालीच बघत म्हणाले, "पुढचं वाच."

आणि मी पुढचं वाचलं. ह्या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते. तोंडपाठ होती ती ओळ मला. इतकी वर्षं मोठ्यानं वाचून पाठ झालेली, आणि नेमकी जिथे मोठ्यानं म्हणायला हवी होती तिथे माझी दातखीळ बसली. घरी जाताना म्हटलं, "नाना, आत्याचं..." ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला.

त्यानंतर सह्या एकाच्याच लागायला लागल्या. निरोप बंद झाले. आत्या भाऊबिजेला यायची, ओवाळायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. आतोबा वारले, तिनं क्वार्टर सोडलं, इगतपुरीतच मुलाकडे राहू लागली. माझं लग्न झालं, मी नाशिक रोडला आले, शाळेत शिकवायला लागले. मुलांचा वाचनाचा तास घेताना कुणी अडखळलं की मी कधी ओरडत नसे. का ते मलाच ठाऊक.

सहा-सात वर्षं अशी गेली. एका शनिवारी दुपारी दार वाजलं आणि बाहेर आत्या, तांदळाच्या पिशवीसकट. पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "आता म्हणे सातबारा घरबसल्या दिसतो कॉम्प्युटरवर. आमच्या तिथली पोरं सांगत व्हती. मला माझं नाव दाखव."

मी हजार कारणं काढली. लाइट जाईल, नेट चालत नाही, साइट बंद असते. ती ऐकून घेत होती आणि पायात चपला घालत होती. शेवटी स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत गेलो. लाकडी फळ्यांची खोपटी, एकेकात एक कॉम्प्युटर. आत्या स्टुलावर पदर सावरून बसली. मी जिल्हा निवडला, तालुका निवडला, गाव निवडलं, गट नंबर टाकला. पान उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "बघ, दिसत नाही." पण कॅफेवाला भलता तत्पर निघाला. "मराठी फॉन्ट नाही मॅडम ह्याच्यात, टाकून देतो," म्हणाला आणि दोन मिनिटांत टाकून दिला. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

चौकोनांची अक्षरं झाली. गट नंबर, क्षेत्र, आकार, नानांचं नाव. खाली रिकामं.

आत्यानं पर्स उघडून चष्मा शोधायला सुरुवात केली. पर्समध्ये तो रुमाल दिसला, त्यात गुंडाळलेल्या पेनासकट. मला वाटलं, चष्मा लावायच्या आत वाचून टाकावं. तिचं नाव वाचावं, पूर्वीसारखं मोठ्यानं. तिला कितीसं कळणार होतं? ओठांवर आलं होतं. पण त्या पेनाकडे बघून जमेना.

"आत्या, तुझं नाव नाही," मी म्हटलं. "चावडीवर मीच वाचला होता हा कागद. मला दिसलं होतं. मी बोलले नाही."

नानांचं गप्प राहणं मी वगळलं. पण आत्याला सांगायची गरज नव्हती.

तिनं चष्मा लावलाच नाही. तो तसाच हातात ठेवून म्हणाली, "नाव गेलं ते मला लय दिवसांपासून ठावं हाय. सहीला बोलवायचं थांबलं, तवाच कळलं."

"मग बघायला कशाला आलीस?"

"नाव बघायला नाय आले. तू काय सांगती ते बघायला आले."

मी तिथेच, त्या फळ्यांच्या खोपट्यात, लहान पोरीसारखी रडले. आत्यानं पाठीवरून हात फिरवला आणि कॅफेवाल्याला म्हणाली, "ह्याचा कागद निघतो का? काढून द्या."

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. दुसऱ्या दिवशी रविवार. मी कागद घेऊन गावी गेले. नाना ओट्यावर झेंडूची क्रेट भरत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वाच. पार वरून."

मी वाचलं. गट नंबर, क्षेत्र, आकार, त्यांचं नाव. आणि थांबले.

"पुढचं वाच."

"पुढचं नाही नाना."

त्यांनी झेंडूची क्रेट बाजूला सारली. मग म्हणाले, "मी खोडलं नव्हतं गं. गळालं ते. मी नुसता गप ऱ्हायलो. शेवंती वाळल्याचा राग व्हता. चार दिसात जाईल म्हटलं राग, मग सांगू. चार दिस गेले, राग गेला, मग सांगायची लाज वाटाय लागली."

मीही तेच केलं होतं.

"काय काय लागंल दुरुस्तीला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तालुक्याला अर्ज, आप्पांच्या हातचा जुना उतारा, वारसनोंदीचा फेरफार. नाव परत लागायला पुढे चांगलं वर्षभर हेलपाटे पडले, पण त्या दिवशी ते आम्हाला माहीत नव्हतं. नाना आत गेले, पेटीतून जुना उतारा काढून आणला. लांब शेपटीचे 'क', मोठा शिक्का, दोन ओळी. त्या कागदावर तळहात ठेवून ते बसले.

"अर्जावर तिची पण सही लागंल ना?"

"लागेल की."

"मग लाव फोन."

मी आत्याला फोन लावला आणि नानांपुढे धरला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, फोन हातात घेतला आणि जे बोलले ते मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

"आक्का, सही लागती. ये."

पलीकडून पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. मग आत्या म्हणाली, "पेनात शाई भरून घेते. सकाळच्या गाडीनं येते."